तांदळातलं नाव

माझ्या आईला दोन नावं आहेत आणि त्यातलं एकही मी इथे लिहिणार नाही. एक तिच्या वडिलांनी ठेवलेलं, त्याला मी माहेरचं नाव म्हणेन. दुसरं तांदळातलं.

तांदळातलं नाव आलं ते असं. आई भंडाऱ्याकडची. लग्न होऊन ती गोंदियाजवळच्या खेड्यात गेली तेव्हा तिच्याच नावाची एक बाई त्या घरात आधीपासून नांदत होती, बाबांची मोठी वहिनी. एका घरात एका नावाच्या दोन सुना चालणार नाहीत, हाक मारली की दोघी धावत येतील, असं आजीचं म्हणणं पडलं. मग ताटात तांदूळ पसरले गेले आणि आजीने सांगितलेलं नाव बाबांनी अंगठीच्या टोकाने त्यात काढलं. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला. आई हे नेहमी हसून सांगायची. "माह्यं नवं नाव मीच खाल्लं, वरणासंग."

हाक मात्र त्या नावाने तिला कोणी मारली नाही. सासरी ती 'धाकटी' होती, बाबांना 'अवं' पुरत असे, पुढे ती माझी आई झाली. ते नाव टिकलं ते सैन्याच्या कागदांमुळे. बाबा तेव्हा साधे शिपाई होते. जवानाचं लग्न झालं की रजा संपवून गेल्यावर तो बायकोचं नाव नोंदवतो, दोघांचा एकत्र फोटो चिकटवतो, आणि तिथून पुढे त्या बाईचं सगळं सरकारी आयुष्य त्या एका ओळीवर चालतं. सैन्याच्या दवाखान्यातलं औषध त्या ओळीवर, आणि उद्या तो मेला तर पेन्शनही त्याच ओळीवर. बाबांनी तांदळातलं नाव नोंदवलं. त्यांच्या दृष्टीने बायकोचं नाव तेच होतं.

बाबांच्या बदल्या बहुतेक अशा जागी व्हायच्या जिथे कुटुंब नेता येत नसे. म्हणून आई आणि मी भिलाईत राहिलो. आधी मामाच्या क्वार्टरमध्ये, मग जुनवानीला भाड्याच्या दोन खोल्यांत. मामा तिथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये मिलवर होता आणि युनियनचा माणूस होता. त्याच्या घरी पुस्तकं नव्हती, पर्चे होते. गेटवर वाटायची हिंदी पत्रकं, पलंगाखाली गठ्ठ्यांनी बांधलेली. शाळेच्या पुस्तकाआधी मी ती वाचायला शिकले. 'मजदूर' हा जोडाक्षर नसलेला शब्द सोपा होता, 'संघर्ष' कठीण. शिफ्ट सुटताना मामा मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचा आणि मी लोकांच्या हातात पर्चे द्यायची.

मामाचा एक नियम होता. पर्चा छापायला देण्याआधी तो मजकुराचा कागद घेऊन ज्यांची मागणी असेल त्यांच्याकडे जायचा, मजकूर वाचून दाखवायचा आणि सह्या घ्यायचा. ज्याला लिहिता येत नसे त्याचा अंगठा. मी एकदा विचारलं, कावून एवढा वेळ घालवतो, सगळ्यांना तर तेच पाहिजे असते. तो म्हणाला, "तुले काय माहीत त्याले काय पाहिजे? ज्याची मागणी त्याची सही. सही नाई त पर्चा नाई."

नियम मी पाठ केला. पाळला नाही.

एकोणिसाव्या वर्षी कॉलेजात मी स्वतःचा पहिला पर्चा लिहिला. लग्नात बाईचं नाव बदलतात त्यावर. जनावर विकत घेतल्यावरसुद्धा नवा मालक त्याचं नाव तेच ठेवतो, असं काहीतरी त्यात होतं. तो वाचून दाखवला तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या. आईच्या आधारवर बाबांच्या कागदांवरून तांदळातलंच नाव आलं होतं; ते बदलायला त्याच आठवड्यात मी तिला घेऊन आधार केंद्रात गेले. तिचा सातवीचा शाळेचा दाखला मामाने जपून ठेवला होता, त्यावर माहेरचं नाव होतं. मी तिला विचारलं नाही, सांगितलं. ती म्हणाली, "आता कोण मले त्या नावानं बोलावते वं बाई?" आणि पदर सारखा करून निघाली.

केंद्रातला माणूस चांगला होता. त्याने बटण दाबण्याआधी सांगितलं की नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, हे पहिलं, सोच लो. मी म्हटलं, दुसऱ्यांदा लागणार नाही.

कार्ड आलं तेव्हा आई कणिक मळत होती. तिने हात धुतले, पुसले, कार्ड खिडकीपाशी नेलं आणि स्वतःचं नाव मोठ्याने वाचलं. मग मामाला फोन लावून त्याला वाचून दाखवलं. संध्याकाळी माझ्या जुन्या वहीचं एक अख्खं पान तिने त्या नावाच्या सह्यांनी भरलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. ती खूश झाली होती. तो आनंद खोटा नव्हता, आणि त्याच्यावरच मी पुढचं सगळं रचलं.

दोन वर्षांनी बाबा नायब सुभेदार होऊन निवृत्त झाले. काळी ट्रंक आणि निरोपाला दिलेली पितळी ढाल घेऊन आले. सैन्याबद्दल ते घरी फारसं बोलत नसत, पण एका गोष्टीवर त्यांचा देवासारखा विश्वास होता: इलाज. बाहेर पडताना प्रत्येकाला विचारतात, आयुष्यभराच्या आरोग्य योजनेत येणार की त्याऐवजी पेन्शनसोबत औषधापुरता थोडा भत्ता घेणार. त्यांच्या बरोबरच्या काहींनी भत्ता घेतला, कारण गावापासून क्लिनिक दूर. बाबांनी योजनेची वर्गणी एकदम कापून दिली. "जवानीत हातपाय त्यायले दिले," ते म्हणाले, "म्हातारपणी त्यायनं सांभाळावं. हिशेब साफ."

मग ते रसमड्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे सुरक्षा सुपरवायझर म्हणून लागले. त्यांचं स्वतःचं कार्ड झालं. आईचा अर्ज मात्र त्रुटी आहे असा शेरा घेऊन परत आला. फोटो नीट नसेल असं त्यांना वाटलं. आई ठणठणीत होती. कागद ट्रंकेत गेला.

आईला दम लागू लागला तो पाण्याची बादली उचलताना. ती म्हणाली, उन्हाचं होते. मग बाजारातून येताना ती देवळाच्या पायरीवर बसू लागली आणि रस्त्याने जाणाऱ्या बायांशी उगाच गप्पा काढू लागली, बसण्याचं कारण दिसू नये म्हणून. डॉक्टरांनी तपासलं. लहानपणी आलेल्या तापाने हृदयाची झडप खराब झाली होती, ती आता आवळत चालली होती. ऑपरेशन लागेल, फार थांबू नका, तोवर रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या, असं ते म्हणाले. मग खर्च सांगितला. बाबा हसले. मोठ्या दुकानात उगाच भाव विचारावा तसं हसले. म्हणाले, आपल्याजवळ कार्ड हाय डॉक्टरसाहेब.

माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमध्ये काउंटरवर एक जुना हवालदार बसला होता. बाबांना बघून तो अर्धवट उठला. बाबांचं कार्ड घेतलं, आईचं आधार घेतलं, पडद्यावर बघितलं, पुन्हा बघितलं.

"साहब," तो म्हणाला, "आपके रेकॉर्ड में जो पत्नी हैं, वो ये नहीं हैं."

आई त्याच्यासमोर उभी होती. बाबांनी निवृत्तीचं पुस्तक उघडून तो एकत्र फोटो दाखवला. तोच चेहरा, तीच नाकातली चमकी, फक्त केस काळे. हवालदाराने मान डोलावली. "मैं तो देख रहा हूँ, साहब. मशीन नहीं देखती."

रांगेतल्या एका पेन्शनरने मागून विचारलं, दो नाम हैं तो भाभीजी को पेन्शन भी दो मिलेगी क्या? लोक हसले. बाबांनी मागे वळून बघितलं नाही. आईसुद्धा पदर तोंडाशी धरून हसली. मला ते हसू आवडलं नाही. कोणी तिला माझ्यासमोर थोबाडीत मारावी आणि तिने हसावं तसं मला ते वाटलं.

हवालदाराने दोन रस्ते सांगितले. छोटा रस्ता असा: आधारवर रेकॉर्डातलंच नाव परत लावून घ्या, आठ-दहा दिवसांचं काम, मग कार्ड लगेच. लांबचा रस्ता: प्रतिज्ञापत्र, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, आणि सगळं बाबांच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवून तिथली नोंद बदलून घ्यायची. त्याला किती दिवस लागतील, हे विचारल्यावर त्याने फक्त हात वर केला.

परत येताना आम्ही तिघं ऑटोत होतो. बाबांनी ठरवलंही होतं, उद्याच आधार केंद्रात जाऊ. मी नाही म्हटलं. चूक त्यांच्या नोंदीत आहे, आईच्या नावात नाही. ज्या बाईने एकटीने घर ओढलं, तिला इलाजासाठी स्वतःचं नाव परत करावं लागत असेल तर तुमच्या पंचवीस वर्षांची किंमत काय झाली? नोंद बदलणं हा आपला हक्क आहे आणि हक्क सोपा रस्ता बघून सोडत नाहीत. मी पर्च्यासारखी बोलत होते आणि मला ते कळत होतं आणि मला ते आवडत होतं.

बाबा म्हणाले, "बेटा, फौजेत रेकॉर्डसंग भांडत नाईत. रेकॉर्डात जो हाय तोच माणूस."

"म्हणूनच भांडायचं," मी म्हटलं.

आम्ही दोघांनी आईकडे बघितलं. ती ऑटोची दांडी धरून बाहेर बघत होती. "तुमाले जे बरं वाटन ते करा," ती म्हणाली.

मी तो होकार समजले. दम लागलेला माणूस कमी शब्दांत बोलतो, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही.

प्रतिज्ञापत्र झालं. दोन वर्तमानपत्रांत जाहिरात आली, हरवलेल्या मार्कशीट आणि विकाऊ प्लॉट यांच्यामध्ये, नखाएवढ्या अक्षरांत आईची दोन्ही नावं. आईने ती कात्रणं कापून डब्यात ठेवली. रेकॉर्ड ऑफिसने पावती पाठवली, मग लग्नाची नोंद मागितली. लग्न खेड्यातलं, नोंद केलेलीच नव्हती. बाबांनी सुट्टी टाकून ग्रामपंचायतीत चकरा मारल्या आणि दाखला आणला. तो पाठवला तर प्रतिज्ञापत्राचा नमुना जुना आहे म्हणून सगळा गठ्ठा परत आला. मी पुन्हा लिहिलं. माझ्या पत्रांत आग होती. एका पत्रातलं एक वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते मैत्रिणींना वाचून दाखवलं. ते अजून मला पाठ आहे. इथे लिहायची लाज वाटते.

मधल्या काळात मी दुसरी दारंही ठोठावली, कारण छोटा रस्ता सोडून बाकी सगळं करायची माझी तयारी होती. बाबांच्या ठेकेदाराने विमा आहे, विमा आहे असं सांगून शेवटी कागद कधी दाखवलाच नाही. खाजगी कंपनीच्या एजंटने चहा घेतला, तपासण्या वाचल्या आणि जुना आजार बसत नाही असं गोड आवाजात सांगितलं. गरिबांच्या सरकारी कार्डासाठी आम्ही पुरेसे गरीब नव्हतो. प्लांटच्या इस्पितळात मामाच्या नावावर मामी होती, पोरं होती. बहीण बसत नव्हती. स्मृति नगरमध्ये माझ्या एका मैत्रिणीची आई सैन्याच्या त्याच योजनेत गुडघे बदलून आली होती आणि आता सकाळी फिरायला जायची. तिचं नाव लग्नात बदललं होतं आणि तिने ते कधी परत मागितलं नव्हतं. मी तिच्याकडे बघून मनात तिला गुलाम म्हणायची.

चार महिने असे गेले. आई आता पोळ्या बसून लाटायची, तीन झाल्या की थांबायची.

एका सकाळी ती पोळ्या लाटत असताना बेलणं हातातून सुटून माझ्या पायाशी घरंगळत आलं. मी ते उचलून दिलं. तिने घेतलं नाही. उजवा हात मांडीवर तसाच पडला होता आणि ती त्याच्याकडे दुसऱ्या कोणाची वस्तू असल्यासारखी बघत होती. काहीतरी बोलली, शब्द वाकडा निघाला. तव्यावरची पोळी जळत होती, तो वास अजून माझ्या नाकात आहे.

आवळलेल्या झडपेमागे रक्ताची गुठळी धरते आणि ती मेंदूत जाते, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्यांनी हा धोका कमी होतो, जात नाही. ऑपरेशन वेळेवर झालं असतं तर, असं त्यांनी सुरू केलं आणि बाबांच्या चेहऱ्याकडे बघून वाक्य तिथेच सोडलं. खाजगी इस्पितळ होतं. बाबा काउंटरवर गेले आणि जे भरायचं ते भरून आले. या वेळी ते हसले नाहीत.

मामा आला. बहिणीचा डावा हात धरून तासभर बसला.  

आई घरी आली त्या आठवड्यात रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं. प्रकरण विचारात घेतलं आहे, असं त्यात होतं. फक्त एक गोष्ट बाकी. नवीन नावाने, म्हणजे माहेरच्याच, पत्नीच्या स्वाक्षरीचे तीन नमुने, अधिकाऱ्यासमोर केलेले.

पत्र मी स्वयंपाकघरात उभी राहून वाचलं. ज्या वहीत तिने पानभर सह्या केल्या होत्या ती वही फळीवरच होती, तिच्या मागच्या पानांवर आई दुधाचा हिशेब लिहायची. सही करता येत नसेल तर अंगठा चालेल का, त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र लागेल का, लागत असेल तर कोणत्या नमुन्यात, हे सगळं मी पुन्हा लिहून विचारू शकले असते. मी पेनही शोधलं. आई दारात भिंतीला धरून उभी होती.

"काय म्हणते कागद?" तिने विचारलं. बोलणं आता बरंच सुधारलं होतं, थोडं सावकाश झालं होतं.

मी सांगितलं.

"चाल मंग," ती म्हणाली. "ते नाव देऊन येऊ वापस."

मी म्हटलं, आई, आता थोडंच राहिलं आहे, एवढं केलं तर. तिने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "लढून तू राहिली होती पोरी. दम मले लागत होता."

आवाजात राग नव्हता. 

आधार केंद्रात नवा माणूस होता. नाव परत लावायला लग्नाचा दाखला लागतो असं त्याने सांगितलं. तो आमच्याकडे होता. रेकॉर्ड ऑफिसशी लढायला बाबांनी खेड्यातून आणलेला दाखला इथे कामाला आला. त्याने नियमाप्रमाणे सांगितलं, ये आखिरी है, इसके बाद नहीं होगा. आई म्हणाली, "हौ." मग त्याने बोटं मागितली. उजवा पंजा काचेवर सपाट बसेना. मी तिचं मनगट धरलं आणि एकेक बोट दाबलं. अंगठा माझ्याच हाताने दाबला. मशीनने तो लगेच ओळखला.

पंधरा दिवसांत कार्ड हातात होतं. हवालदाराला खरोखर आनंद झाला. "देखिए, कितना आसान था," तो म्हणाला, आणि वाईट याचं वाटतं की तो खरं बोलत होता. रायपूरच्या इस्पितळात झडप बसली, आम्हाला काही भरावं लागलं नाही. बाबा सगळ्यांना सांगतात, इलाज पक्का हाय. त्यांचा विश्वास जिथे होता तिथेच आहे. मला त्यांचा हेवा वाटतो आणि चीडही येते. बाईचा चेहरा ओळखणारा माणूस बसवायचा आणि त्याला चेहऱ्यावर निर्णय घ्यायची मुभा द्यायची नाही, या व्यवस्थेवरचा माझा राग तसाच आहे. तो योग्य आहे. पण तो राग माझा होता आणि त्याच्यासाठी हात गेला तो दुसऱ्या माणसाचा.

इस्पितळात नर्स वॉर्डच्या दारातून तिला तांदळातल्या नावाने पुकारायच्या. जन्मात पहिल्यांदा त्या नावाने तिला एवढ्या हाका आल्या. ती वळायची नाही. मला खांद्याला हात लावून सांगावं लागायचं, आई, तुलेच बोलावून राहिले.

हे लिहून झालं तेव्हा मी मामाला फोन केला. मजकूर चांगला झाला आहे म्हटलं. त्याने एवढंच विचारलं, "तिची सही घेतली का?"

या वेळी मी वाचून दाखवलं, सगळं, मैत्रिणीच्या आईबद्दलचं वाक्यसुद्धा. आई पलंगावर बसून ऐकत होती, डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत. भाताच्या गोष्टीला हसली. पोळी जळली तिथे म्हणाली, बेलणं तू उचललं होतं, हे बरोबर लिहिलं. संपल्यावर मी विचारलं, छापू?

"छाप," ती म्हणाली. "नाव नको टाकू पण."

"कोणतं?"

तिने उजव्या हाताचं राहिलेलं बोट सरळ केलं.

"कोणतंच. आता दोन्ही माह्ये नाई वाटत."

मी शाईचा पॅड पुढे केला. तिने डावा अंगठा उमटवला, पदराला पुसला, आणि म्हणाली की पोळ्यांची कणिक तेवढी मळून ठेव, बाबा येतच असतील.